टॅपेटचा आवाज

आमच्या पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बोट दिसण्याआधी ऐकू येते. सूर्य मावळतीला थेट डोळ्यांवर आला की समुद्रावर नुसती चकाकी उरते. बोटीचा रंग कळत नाही, की नाळेवरचा बावटा ओळखू येत नाही. अशा वेळी वलांडीखाली बोंबील निवडीत बसलेली एखादी बाई मान वरही न करता सांगते, "अमक्याची बोट आली." थोड्या वेळाने खरोखरीच ती बोट किनाऱ्याला लागते. हे ज्ञान तिला कोणी शिकविलेले नसते. दोन बोटींची इंजिने एकाच कारखान्यात, एकाच साच्यात घडलेली असली तरी पाच-दहा वर्षांत त्यांचे बोलणे निराळे होते. एकीचा सायलेन्सर फाटलेला, दुसरीचा पंखा वाकलेला, तर तिसरीच्या माथ्यावर टॅपेट वाजत असतात.

या टॅपेटविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. विषय तेलकट आहे आणि साहित्याच्या पानांना त्याचे डाग पडतील अशी शंकाही आहे. परंतु आपल्या कितीतरी कुटुंबांची चूल या इंजिनांवर पेटते आणि ज्या मोकळ्या जागेवर त्यांचे आयुष्य अवलंबून असते ती नखाच्या जाडीएवढीच असते, ही गोष्ट मला नेहमीच सांगण्याजोगी वाटत आली आहे.

मी डिझेल फिटर. १९७८ साली मुंबईतील एका बस-आगारात उमेदवारीला लागलो. पहिले सहा महिने माझ्या हातात पान्यापेक्षा फडकेच अधिक असे. एके दिवशी आमच्या वृद्ध हेडमिस्त्रींनी एका इंजिनाचे वरचे झाकण काढले आणि मला जवळ बोलावले. आत रॉकरची रांग होती. रॉकर म्हणजे लहान मुलांच्या बागेतील सी-सॉसारखी एक आडवी पट्टी. तिचे एक टोक खालून पुशरॉड उचलतो, तेव्हा दुसरे टोक खाली जाऊन व्हॉल्व्हला दाबते. व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा आत येते किंवा जळलेला धूर बाहेर जातो. पुशरॉड खाली उतरला की स्प्रिंगच्या जोराने व्हॉल्व्ह पुन्हा आपल्या बैठकीवर घट्ट बसतो. इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला साडेसातशे वेळा उघडतो आणि मिटतो. दहा तास समुद्रावर घालविणाऱ्या बोटीत हा हिशेब दिवसाला साडेचार लाखांवर जातो.

"आता सांग," हेडमिस्त्री म्हणाले, "रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये ही फट कशाला ठेवली?"

मला काहीच सांगता आले नाही. त्यांनी फीलर गेज काढले. कागदासारख्या पातळ पोलादी पात्यांचा तो जुडगा असतो आणि प्रत्येक पातीवर तिची जाडी कोरलेली असते. इंचाच्या हजाराव्या भागाला मिस्त्री लोक 'थाऊ' म्हणतात. बारा थाऊची पात त्यांनी त्या फटीत सरकवली आणि मला ओढून पाहण्यास सांगितले. ती अडली नाही, पण मोकळीही सुटली नाही. लोण्यातून सुरी काढताना हाताला लागतो तसा हलका रोध लागला. "हा रोध हाताला पाठ करून ठेव. बाकी सारे पुस्तकात मिळेल," एवढेच ते बोलले.

फट ठेवायची ती उष्णतेसाठी. पोलादाचा शंभर मिलिमीटर लांबीचा दांडा शंभर अंशांनी तापला तर सुमारे ०.१२ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे जवळजवळ पाच थाऊ. धुराच्या वाटेवरील व्हॉल्व्हचे डोके तर सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापते. तो दांडा लांबणारच. वर जागा मोकळी असेल तर तो त्या जागेत वाढतो. जागा नसेल तर त्याचे टोक रॉकरला टेकते आणि मग तो आपल्या बैठकीवर पूर्ण बसत नाही. केसाएवढी फट खाली राहते.

ही केसाएवढी फटच इंजिनाचा काळ होते. व्हॉल्व्हला थंड होण्याची मुख्य वाट कोणती, तर त्याची बैठक. पाण्याने गार राहणाऱ्या हेडला तो टेकतो तेवढ्या वेळात अंगातील बहुतेक उष्णता, सुमारे तीन चतुर्थांश, तेथे सोडून देतो. जो टेकतच नाही, तो थंड होणार कसा? त्यातच प्रत्येक स्फोटाच्या वेळी जळता वायू त्या केसाएवढ्या फटीतून गॅसकटरच्या ज्योतीसारखा निसटतो. व्हॉल्व्हची कडा एका ठिकाणी पिवळट होते, मग तेथे खाच पडते. खाच पडली की वायू अधिक निसटतो आणि खाच आणखी वाढते. या धातूच्या तापण्याने मोठमोठ्या तंत्रज्ञांचीही झोप उडविली होती. विमानांच्या इंजिनांसाठी सॅम हेरॉन या अभियंत्याने पोकळ दांड्यात सोडियम भरलेले व्हॉल्व्ह तयार केले. आत वितळलेला सोडियम खाली-वर हिंदकळतो आणि डोक्याची उष्णता दांड्याकडे वाहून नेतो. १९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग एकट्याने अटलांटिक ओलांडून पॅरिसला उतरला, त्याच्या इंजिनामागे हेरॉनच्या कामाची पुण्याई होती. आमच्या बोटींना सोडियम कोठला? आमचा सारा भरवसा बारा थाऊच्या फटीवर.

फट प्रमाणाबाहेर ठेवली तरीही नुकसानच होते, हे सांगितले पाहिजे. मग रॉकर व्हॉल्व्हला दाबत नाही, हातोड्यासारखा ठोकतो. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि बैठकीवर आपटतो. दांड्याचे टोक चेपते, पुशरॉड वाकतो, कधी जागेवरून निसटतो. पण या दुखण्याची एक जमेची बाजू अशी की ते ओरडून सांगते. खट्-खट् असा कोरडा आवाज येऊ लागतो आणि नवशिक्यालाही तो कळतो. घट्ट झालेला टॅपेट मात्र काहीच बोलत नाही. उलट इंजिन इतके शांत चालते की मालकाला ते नवे झाल्यासारखे वाटते.

यात आणखी एक चकवा आहे. रॉकर, पुशरॉड, कॅम हे भाग झिजतात तेव्हा फट वाढते आणि आवाज वाढतो. पण व्हॉल्व्हची बैठक झिजते तेव्हा व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि फट कमी होते. म्हणजे काल वाजणारे इंजिन आज कोणी हात न लावता गप्प झाले असेल, तर ते सुधारले असे समजू नये. झाकण काढून पाहावे. आमच्या आगारातले जुने फिटर वाजणाऱ्या बसला घाबरत नसत. गप्प झालेली बस आली की पाने घेऊन उठत.

आता १९९८ सालची गोष्ट.

माझ्या मामांची डोलीची बोट होती. डोल म्हणजे समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेले पिशवीसारखे जाळे. पाण्याच्या ओढीने त्यात बोंबील शिरतो आणि ओढ फिरण्याच्या आत ते उचलावे लागते. उधाणाच्या दिवसांत ओढ जोराची, म्हणून मासळीही तेव्हाच. भांगाच्या दिवसांत बोटी किनाऱ्यावर. सारांश, महिन्यातले कमाईचे दिवस मोजके आणि त्या दिवसांत इंजिनाने वेळ चुकवून चालत नाही.

त्या पावसाळ्यात बोट वर काढलेली असताना गावच्या जुन्या मिस्त्रींनी हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले होते, टॅपेट लावले होते. हे मिस्त्री तेव्हा सत्तरीला आलेले. शिक्षण चौथीपर्यंत, पण पंचवीस-तीस बोटींची इंजिने त्यांच्या हातची. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली. तिचे टॅपेट थोडे वाजत असत, ते तर आधीपासूनच. मामीला तोच आवाज ओळखीचा होता.

मामेभावाला मात्र तो आवाज खटकू लागला. तो तरुण होता आणि शेजारी एकाने नवे इंजिन बसविले होते; ते शिलाईच्या यंत्रासारखे चाले. सप्टेंबरात त्याने बाहेरून एक मेकॅनिक आणला. त्या गृहस्थांनी गेज काढलेच नाही. इंजिन संथ चालू ठेवले, झाकण उघडले आणि चालत्या रॉकरवर पेचकस लावून एकेक स्क्रू आवाज मिटेपर्यंत आत फिरवला, चेकनट आवळले. अर्ध्या तासात काम संपले. बोटीवर सगळे खूश. त्या संध्याकाळी म्हणे बोट किनाऱ्याला लागेपर्यंत मामीला कळलेच नाही, की आपलीच बोट आली.

संथ चालणारे इंजिन पुरते तापलेले नसते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्या अवस्थेत जी फट नाहीशी केली, ती ओढीविरुद्ध पूर्ण जोराने चालताना लागणार होती.

पंधरा दिवसांनी सकाळी सेल मारल्यावर इंजिन चटकन उठेना. उठले की पांढरा धूर सोडी. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते; हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांपलीकडे तापते आणि तीत डिझेल आपोआप पेटते. दाबच गळत असेल तर डिझेल न जळता धुरासारखे बाहेर पडते. मामेभावाने डिझेलचा फिल्टर बदलला, मग नोझल तपासून आणले. प्रत्येक वेळी पैसे गेले, धूर तसाच. सायलेन्सरच्या तोंडाशी कान देऊन इंजिन हाताने फिरवून पाहिले असते, तर धुराच्या व्हॉल्व्हमधून दाब निसटल्याचा 'फुस्स' आवाज ऐकू आला असता; त्याला एक पैसाही पडत नाही. पण आवाज मिटविण्याचे काम नुकतेच झाले होते, तेव्हा दोष तेथे असेल असे कोणाच्याच मनात येईना.

कोजागरीच्या उधाणात, डोल उचलण्याच्या वेळेवर, इंजिनाने एक दणका दिला आणि ते थांबले. बोटीवर सहा माणसे. ओढ जोराची. नांगर धरला म्हणून बरे, नाहीतर पाण्याने बोट दुसऱ्यांच्या डोलींवर नेऊन घातली असती. चार तासांनी एका नात्यातल्या नाखव्याने आपली मासळी सोडून त्यांना दोर दिला आणि रात्री ओढीत आणले. डोल उचलायची ती राहिलीच. ओढ फिरल्यावर ती उलटून फाटली.

दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी मामांच्या ओटीवर माणसे जमली. जो तो एकच बोलत होता: हेड पावसाळ्यात म्हाताऱ्यानेच उघडले होते, आता त्याची नजर गेली आहे, हात कापतो आहे. मेकॅनिकचे नाव कोणी काढीना, कारण त्याने 'फक्त आवाज काढला होता'. मामांनी मला निरोप पाठविला तो इंजिन खोलण्यासाठी. मी पोचलो तेव्हा म्हातारे मिस्त्री बोटीपासून दूर, एका उपड्या होडीच्या सावलीत बसलेले दिसले. त्यांना कोणी बोलावले नव्हते आणि ते घरीही जात नव्हते.

दोन तरुणांनी हेडचे नट सोडण्यासाठी पाने घेतले होते. मी त्यांना थांबविले. हेड उतरविल्यावर टॅपेटचे माप कायमचे पुसले जाते. पुशरॉड निघाले, रॉकर निघाले, की ते कसे लावले होते याला साक्षीदार उरत नाही. म्हणून आधी झाकण काढले, मामांना आणि मामेभावाला जवळ उभे केले आणि थंड इंजिनावर एकेक फट मोजली. फेरे फिरविणे कठीण होते, कारण चौथ्या सिलिंडरात काहीतरी अडकले होते. सब्बल लावून थोडे थोडे फिरवावे लागले. त्या इंजिनाच्या पुस्तकात थंड अवस्थेत बारा थाऊ सांगितले आहेत. धुराच्या व्हॉल्व्हवर एका ठिकाणी तीन थाऊची पात कशीबशी गेली, दोन ठिकाणी दोनची, एका ठिकाणी कोणतीच गेली नाही. हवेच्या व्हॉल्व्हवर चार-पाच थाऊ. स्क्रूच्या खाचांवर पेचकस घसरल्याचे ताजे, चमकते ओरखडे होते. जुने मिस्त्री चेकनट आवळताना स्क्रू पेचकसाने धरून ठेवीत आणि आवळल्यावर पुन्हा गेज घालून पाहात, हे मामांना ठाऊक होते. त्यांच्या हातचे असे ओरखडे त्या इंजिनावर वीस वर्षांत उठले नव्हते.

मग हेड उतरविले. चौथ्याच्या धुराच्या व्हॉल्व्हचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा जळून तुटला होता. तो पिस्टन आणि हेड यांच्या मध्ये सापडून चेचला गेला आणि पिस्टनच्या माथ्याला त्याने भोक पाडले. हेही वाईटच, पण मला दाखवायचे होते ते दुसरेच. बाकीच्या पाच सिलिंडरांतील धुराचे व्हॉल्व्ह मी ओळीने फळीवर मांडले. पाचांच्याही कडांना तोच रोग होता, कोठे पिवळा डाग, कोठे खाच लागलेली. हवेचे व्हॉल्व्ह स्वच्छ. घासण्यात चूक झाली असती, तर ती एखाद-दुसऱ्या व्हॉल्व्हला दिसली असती; कानाने लावलेला टॅपेट मात्र सगळ्यांनाच सारखा भोवतो. आणि पावसाळ्यापासून ही फट अशीच असती, तर इंजिन ऑक्टोबर गाठतेच ना.

मामा काही बोलले नाहीत. ते उठले, त्या उपड्या होडीकडे गेले आणि मिस्त्रींच्या शेजारी वाळूत बसले. काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. बराच वेळ झाला. परत आले तेव्हा दोघेही बरोबर होते. मिस्त्रींनी फळीवरचा तुटका व्हॉल्व्ह उचलला, डोळ्यांजवळ नेला, अंगठ्याने कडेवरून फिरविला. "माझ्या घासणीच्या रेघा अजून आहेत बघ," ते मला म्हणाले. होत्या खऱ्याच, खाच पडली नव्हती तेवढ्या भागात बैठकीची बारीक करडी पट्टी स्पष्ट होती.

मामेभाऊ त्या मेकॅनिककडे एकदा गेला होता, असे नंतर कळले. त्याने आवाज बंद करायला सांगितले होते आणि आवाज बंद झाला होता. एवढेच उत्तर मिळाले. ते अगदीच खोटे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच माझा राग अजून पुरता गेलेला नाही. गिऱ्हाईक मागेल ते देणे निराळे आणि जे मागू नये ते सांगणे निराळे. आमच्या धंद्यात दुसऱ्याची मजुरी कोणी देत नाही.

नवा पिस्टन, लायनर, सहा व्हॉल्व्ह, गॅस्केट, हेडच्या बैठका कातून आणणे यांत दिवाळी उलटून गेली. मामींच्या दोन बांगड्या गेल्या. डोल विणायला घरातल्या सगळ्यांचे हात लागले. इंजिन उभे राहिले तेव्हा टॅपेट लावायला मिस्त्रींनाच बसविले. त्यांचा हात खरेच कापत होता, हे लपवीत नाही. पात फटीजवळ नेईपर्यंत ती थरथरे. पण फटीत गेली की हात स्थिर होई. सहा सिलिंडरच्या इंजिनात पेटण्याचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार असा असतो. सहाव्याचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलताना दिसले की पहिल्याचे टॅपेट लावायचे, दुसऱ्याचे हलले की पाचव्याचे, चौथ्याचे हलले की तिसऱ्याचे. कोणतीही जोडी घ्या, बेरीज सात. मिस्त्री फेऱ्यागणिक ती बेरीज मोठ्याने म्हणत आणि मामेभाऊ सब्बल फिरवीत असे. एका रॉकरच्या टोकाला खळगा पडला होता. सपाट पात अशा खळग्यावरून पुलासारखी जाते आणि बारा दाखवीत असताना खरी फट अधिक असते. मिस्त्रींनी तो रॉकर बोटाने चाचपूनच बाजूला काढला आणि सपाट करून आणायला लावला. मला तो दिसलाही नव्हता.

आज पुष्कळशा मोटारींत तेलाच्या दाबाने आपली फट आपणच राखणारे टॅपेट असतात. त्यांच्या मालकांना हा शब्दही ठाऊक नसतो. कामाच्या मोठ्या डिझेल इंजिनांना मात्र अजूनही ठराविक तासांनी गेज लावावेच लागते. मिस्त्री २००६ साली वारले. त्यांचे गेज त्यांच्या घरच्यांनी मामेभावाला दिले. त्याने ते मला दाखविले तेव्हा बारा थाऊची पात टोकाशी झिजून नऊ-दहाची झाली होती आणि मध्ये वाकली होती. आता मापाला ती चालायची नाही, असे मी त्याला सांगितले. त्याने नवा संच विकत घेतला आहे. तो बोटीवर, तेल लावलेल्या फडक्यात असतो. जुना घरी आहे.